अडीच सेकंदांची उसंत

7 सप्टेंबर 2019 ची रात्र, टेक्ससमधले ऑस्टिन. सामना संपायला अडीच मिनिटांच्या आसपास उरली आहेत. पाहुणा संघ लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा, आणि तो 37–31 असा पुढे आहे. चेंडू त्यांच्याकडेच आहे, पण तिसरी संधी आली आहे आणि सतरा यार्ड कापायचे बाकी आहेत. अशा वेळी सावध प्रशिक्षक चेंडू पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी देतो, घड्याळ चालू ठेवतो, चौथ्या संधीला चेंडू लाथेने दूर धाडतो आणि पुढचे आपल्या बचावावर सोडतो. एलएसयूने फेकीची चाल लावली.

चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती आला. टेक्ससने नेहमीच्या आघाडीखेरीज मागचे गडीही आत सोडले होते. जो बरो नावाचा तो क्वार्टरबॅक मागे पळाला नाही. तो पुढे सरकला आणि थोडा डावीकडे वळला, ज्या दिशेने माणसे अंगावर येत होती तिकडेच, दोन धडांच्या मधल्या फटीत. पाय नीट रोवायलाही जागा नव्हती. तशाच अवस्थेत त्याने चेंडू सोडला. पलीकडे जस्टिन जेफरसनने तो घेतला, वळला आणि थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेला. एकसष्ट यार्ड. एलएसयूने तो सामना 45–38 असा जिंकला.

ही चाल मी कितीदा पाहिली असेल याचा हिशेब नाही. पहिल्या काही वेळा डोळा चेंडूमागे धावतो, कारण चेंडूच सगळ्यात ठळक दिसतो. मग कधीतरी डोळा बरोच्या पायांवर येऊन थांबतो आणि चालीतली खरी गंमत तिथे सापडते. भोवती सगळे घाईत आहेत. अडवणारे, घुसणारे, पळणारे, शिट्ट्या मारणारे प्रेक्षक, सगळे. घाईत नाही तो एकटा. त्याने टाकलेले ते एक पाऊल मोजके आहे, कुणी आधी खडूने खूण करून ठेवावी इतके मोजके. मराठीत आपण म्हणतो, उसंत मिळाली नाही. उसंत ही मिळणारी गोष्ट आहे, कुणीतरी द्यावी लागते. हा माणूस ती स्वतः तयार करतो, आणि ज्यांना ती त्याला मिळू द्यायची नाही त्यांच्या हातांतून काढून घेतो. बरोच्या महाविद्यालयीन कारकिर्दीचा रस मला इथे आढळतो. दंडाच्या ताकदीत तो नाही, विक्रमांतही नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो नुसता ढकलाढकलीचा वाटतो, म्हणून थोडे सांगायला हवे. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे तिच्या अर्ध्याहूनही कमी अंतरासाठी चार प्रयत्न. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. असे सरकत शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. प्रत्येक चाल सुरू होते ती स्नॅपने. मध्यावरचा गडी पायांमधून चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेतो आणि तिथून त्याला फार तर अडीच-तीन सेकंद मिळतात. समोर त्याचे पाच धिप्पाड सोबती अर्धवर्तुळ करून उभे राहतात. त्या अर्धवर्तुळाच्या पोटातल्या जागेला पॉकेट म्हणतात. कबड्डीत चढाई करणारा एकटा आणि पकडणारे सात, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. इथे ते उलटे करून पाहावे. हा एकटा आपल्या अंगणात उभा आहे आणि चार-पाच चढाईवाले एकदम आत शिरताहेत. त्याने त्यांच्याकडे पाहायचे नाही. पाहायचे ते लांब, वीस-तीस यार्डांवर वेगवेगळ्या रेषांनी पळणाऱ्या आपल्या गड्यांकडे, आणि त्यांना झाकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांकडे. पहिला गडी मोकळा आहे का? नाही. दुसरा? नाही. तिसरा? एवढे प्रश्न आणि एवढी उत्तरे त्या अडीच सेकंदांत बसवायची असतात.

बरोचा जन्म 1996 चा, आयोवा राज्यातल्या एम्स गावचा, पण तो वाढला ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यात, ॲथेन्स परगण्यात. ॲपलॅचियन डोंगररांगांच्या पायथ्याचा हा मुलूख. एकेकाळी कोळशाच्या खाणींवर जगलेला, खाणी गेल्यावर गरीब होत गेलेला. वडील जिमी बरो हे तिथल्या ओहायो युनिव्हर्सिटीच्या संघाचे बचावाचे प्रशिक्षक होते. या तपशिलाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. क्वार्टरबॅक हा हल्ल्याचा सूत्रधार, पण या मुलाच्या घरात बोलली जाणारी भाषा होती बचावाची. कोण कुठे उभा आहे, उभा आहे तिथून तो कुठे जाणार आहे, आणि जे दाखवतो आहे ते खरे किती, हे त्याने जेवणाच्या टेबलावर ऐकले असणार. पुढे त्याच्या खेळात दिसणारे समोरच्याचे मन वाचणे कुठून आले, असे विचारले तर मी या घराकडे बोट दाखवीन.

शाळेत तो ओहायोतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2015 मध्ये राज्यातल्या सगळ्यात बलाढ्य संघात, ओहायो स्टेटमध्ये, दाखल झाला. तिथे तीन वर्षे तो बसून राहिला. पहिले वर्ष नियमाप्रमाणे राखीव, पुढची दोन जे. टी. बॅरेट या मुख्य क्वार्टरबॅकच्या सावलीत. 2017 च्या हंगामाआधी सरावात त्याच्या हाताचे हाड मोडले. तो बरा होईपर्यंत ड्वेन हॅस्किन्स हा संघातला दुसरा क्वार्टरबॅक पुढे निघून गेला होता. तीन वर्षांत बरोने सामन्यांत केलेल्या फेकी किती? 39. त्यांतल्या 29 पोहोचल्या. पुढे 2019 मध्ये अलाबामाविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने नेमक्या 39 फेकी केल्या, हे कळले तेव्हा मी थोडा वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो होतो.

वाट पाहणाऱ्याचे दोन प्रकार असतात. एकाच्या मनात वाट पाहताना कडवटपणा साचतो. दुसऱ्याचे डोळे तयार होतात. बाकावर बसलेल्या माणसाला मैदान अख्खे दिसते, आणि सरावात त्याच्यापुढे रोज देशातला एक उत्तम बचाव उभा असतो. बरोने या तीन वर्षांत चार वर्षांची पदवीही पुरी केली आणि 2018 च्या मे महिन्यात तो बाहेर पडला. पदवीधर खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येते, त्या नियमाचा आधार घेऊन तो दक्षिणेत लुइझियानाच्या बॅटन रूजला गेला. तिथले मैदान एक लाखाहून जास्त प्रेक्षकांचे. त्या एक लाख लोकांपैकी त्याला ओळखणारे फारसे नव्हते.

एलएसयूतले पहिले वर्ष, 2018 चे, मी रसिकाला मुद्दाम पाहायला सांगेन, कारण त्यात सौंदर्य कमी आणि कच्चा माल जास्त आहे. शंभरातल्या जेमतेम अठ्ठावन्न फेकी पोहोचत होत्या. सोळा टचडाउन, पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती. अलाबामाने त्यांना घरच्या मैदानावर 29–0 असे हरवले. टेक्सस ए अँड एमशी झालेला सामना सात जादा डावांपर्यंत लांबला आणि 74–72 असा हातून गेला. खेळ जुन्या वळणाचा होता. आधी पळा, अडलात तर फेका. त्यामुळे बरोच्या वाट्याला फेकी यायच्या त्या अवघड वेळच्या. चांगला कारागीर आणि हत्यार भलतेच, असे ते वर्ष आहे.

पण त्या वर्षाच्या शेवटी एक प्रसंग आहे. 1 जानेवारी 2019, ॲरिझोनामधला फिएस्टा बोल, समोर यूसीएफचा संघ, सलग पंचवीस सामने जिंकून आलेला. सुरुवातीलाच बरोची एक फेक प्रतिस्पर्ध्याने हवेत झेलली आणि तो उलटा धावत सुटला. सगळे त्याच्यामागे. बरोही आपल्या चुकीमागे धावला, आणि बाजूने आलेल्या एका प्रचंड लाइनमनने त्याला असा काही उडवला की तो जमिनीवर पडून राहिला. प्रतिस्पर्ध्याचे टचडाउन झाले. कुणाही क्वार्टरबॅकची उरलेली दुपार तिथे संपली असती. बरो उठला आणि त्याने त्या सामन्यात 394 यार्ड आणि चार टचडाउन फेकले. एलएसयू 40–32 ने जिंकली. एलएसयूच्या लोकांना आपला क्वार्टरबॅक कोण आहे हे त्या दिवशी कळले, असे मला वाटते. त्या फेकींपेक्षा त्या उठण्याने कळले असावे.

मग 2019 चे वर्ष. मुख्य प्रशिक्षक एड ओर्जेरॉन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा एक तरुण प्रशिक्षक आणला. तो तेव्हा तिशीलाही पोहोचला नव्हता. हल्ल्याची सूत्रे अनुभवी स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडेच राहिली. या दोघांनी मिळून मांडणी बदलली. पूर्वी पळणारा गडी क्वार्टरबॅकच्या शेजारी थांबून अंगावर येणाऱ्याला अडवायचा. आता त्यालाही चेंडू घ्यायला बाहेर पाठवायचे. पाचही जण मैदानाच्या रुंदीभर पसरायचे. त्यामुळे बचावालाही पसरावे लागते, आणि पसरलेला बचाव आपले मन लपवू शकत नाही. मात्र याची किंमत आहे. पाच अडवणारे आणि सहा घुसणारे असे झाले, तर सहाव्याला थोपवायला कुणी नाही. त्याचा बंदोबस्त क्वार्टरबॅकने स्वतःच्या डोळ्यांनी आणि पायांनी करायचा.

म्हणजे मांडणीने बरोला जास्त सुरक्षितता दिली नाही, उलट ती कमी केली आणि त्या बदल्यात निवड दिली. त्याने ती घेतली. अठ्ठावन्नाचे शेकडा 76.3 झाले. 527 फेकींपैकी 402 पोहोचल्या. 5,671 यार्ड, साठ टचडाउन, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती फक्त सहा. एका हंगामात साठ टचडाउन फेकणारा महाविद्यालयीन खेळाच्या सर्वांत वरच्या श्रेणीतला तो पहिलाच. पंधरा सामने, पंधरा विजय. आकडे इथेच ठेवतो. आकडे सांगतात किती, आणि मला सांगायचे आहे कसे.

त्याचा हात साधा आहे. चेंडू शीळ घालत जावा असा हात असणारे कितीतरी क्वार्टरबॅक त्याच्या आधी होते, त्याच्या वेळीही होते. बरोचा चेंडू डोळ्यांना दिसत दिसत जातो. पण तो निघतो लवकर. जमार चेस या झेलणाऱ्या सोबत्याला दिलेल्या फेकी पाहाव्यात. चेस कडेच्या रेषेलगत सरळ धावतो आहे, बचाव करणारा त्याच्या खांद्याला खांदा लावून. नियमाने चेस झाकलेला आहे, मोकळा नाही. तरी बरो चेंडू सोडतो, आणि सोडतो तो चेसच्या पुढे नव्हे, मागच्या खांद्यावर. चेंडू हवेत असताना चेसची पाठ अजून वळलेलीच आहे. तो वळतो तेव्हा चेंडू त्याच्या हातांपाशी आलेला असतो, आणि बचाव करणारा वेगात दोन पावले पुढे निघून गेलेला असतो. या फेकीत कुणी कुणाला पाहत नाही. एकाने दुसऱ्याच्या वळण्याची खात्री धरलेली असते. उन्हाळ्यातल्या रिकाम्या मैदानांवर शेकडो वेळा केलेल्या सरावाशिवाय ही खात्री येत नाही. मला या फेकीत मैत्री दिसते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. खो-खोत, कबड्डीत आपण हूल देणे म्हणतो ती अंगाने दिलेली असते. बरो हूल देतो नजरेने. मैदानाच्या मध्यात खोलवर उभा असलेला बचावपटू क्वार्टरबॅकचे डोळे वाचत असतो. ते जिकडे, तिकडे चेंडू, हा त्याचा हिशेब. बरो उजवीकडे पाहतो आणि पाहतच राहतो. तो मागचा गडी दोन पावले उजवीकडे सरकतो. बरोला तेवढीच दोन पावले हवी असतात. चेंडू डावीकडून जातो. पाहण्याची क्रियाच त्याने हत्यार म्हणून वापरली आहे. या दोन पावलांसाठी त्याने नजर जितका वेळ रोखलेली असते, तितका वेळ माणसे त्याच्याकडे धावत येत असतात.

जॉर्जियाविरुद्धचा 7 डिसेंबरचा सामना, अटलांटात, साउथईस्टर्न विभागातल्या विजेतेपदाचा. जॉर्जियाचा बचाव तेव्हा देशातल्या सर्वांत चिवट बचावांपैकी एक होता. सुरुवातीला बरोची एक फेक समोरच्याच्या हाताला लागून उडाली आणि त्याच्याच दिशेने परत आली. त्याने ती स्वतःच झेलली आणि सोळा यार्ड पळाला. स्वतःची फेक स्वतःच घेणारा क्वार्टरबॅक! लहान मूल अंगणात एकटेच चेंडू वर उडवून झेलते, तसे काहीतरी त्यात होते. पण रसग्रहणाला बसायचे ते उत्तरार्धातल्या एका चालीपाशी. पॉकेट कोसळले आहे. पहिला गडी अंगावर येतो, बरो गिरकी घेतो. दुसरा हात पुढे येतो, तो त्याच्याखालून निसटतो. आता तो उजव्या कडेकडे पळतो आहे, आणि या सगळ्या धावपळीत त्याची मान खाली गेलेली नाही, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट. आपल्याला पकडायला येणाऱ्याकडे पाहणे हे शरीराचे जन्मजात शहाणपण आहे. ते बाजूला ठेवून तो लांब पाहत राहिला, आणि लांबवर जेफरसनने त्याला पाहून आपली वाट बदलली. पळता पळता फेकलेला चेंडू. एकाहत्तर यार्डांची कमाई, म्हणजे सव्वातीन खेळपट्ट्या. चाल मोडून पडल्यावर तिच्या तुकड्यांतून दुसरी चाल उभी राहिली, आणि तिचा शब्दही कुणी उच्चारला नव्हता.

त्याआधी महिनाभर, 9 नोव्हेंबरला, टस्कलूसात अलाबामाशी सामना झाला होता. एलएसयू त्यांच्याकडून सलग आठ वेळा हरली होती. मध्यंतराला 33–13. मग अलाबामा इंचाइंचाने जवळ येत गेली. शेवट 46–41. या सामन्यात बरोच्या फेकींइतकेच त्याचे पळणे पाहावे. ते सुंदर नाही. खांदे वर, पाय जड, वळताना कोन काटकोनासारखे. पण नेमक्या ज्या वेळी अलाबामाने सगळे फेकीचे रस्ते बुजवले आणि दहा-पंधरा यार्ड कमी पडत होते, त्या वेळी तो चेंडू छातीशी धरून त्या जड पायांनी गेला आणि हवे तेवढे घेऊनच पडला. सामन्यात 393 यार्ड फेकलेल्या माणसाला हे पळणे कमीपणाचे वाटले नाही. मला वाटते, त्याच्या सोबत्यांचा जीव त्याच्यावर जडला तो अशा वेळी.

त्या सोबत्यांविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. चेस आणि जेफरसन असे दोन गडी एकाच संघात, एकाच वर्षी, पुन्हा कधी जमतील कोण जाणे. चेसने त्या हंगामात वीस टचडाउन झेलले, जेफरसनने अठरा. समोरच्या पाच अडवणाऱ्यांना देशातल्या सर्वोत्तम फळीचा जो मूर पुरस्कार मिळाला. शिवाय बरो तेविशीत पोहोचलेला, आणि समोर पुष्कळदा एकोणीस-वीस वर्षांची मुले. हे सगळे खरे आहे आणि वजा करायचे तर करावे. मी करून पाहिले आहे. वजा केल्यावर झेल जातात, यार्ड जातात, साठातले बरेचसे टचडाउनही जातील. ऑस्टिनमधले ते पुढचे पाऊल मात्र जात नाही.

घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना 30 नोव्हेंबरचा, ज्यांनी आदल्या वर्षी 74 गुण केले होते त्या टेक्सस ए अँड एमशी, आणि तो 50–7 असा जिंकला. त्या रात्री तो मैदानात आला तेव्हा पाठीवरचे आडनाव बदललेले होते. लुइझियानात जुन्या फ्रेंच वळणाची आडनावे पुष्कळ, आणि त्यांतला शेवटचा 'ओ' लिहायला तीन-चार अक्षरांची लांब शेपटी लागते. बरोने आपल्या आडनावाला ती शेपटी लावून घेतली होती. उच्चार तोच, अक्षरे त्या मातीची. ओहायोने ज्याला तीन वर्षे बसवून ठेवले त्या मुलाला या लोकांनी पंचवीस-सव्वीस सामन्यांत आपला केला होता.

ओक्लाहोमाविरुद्धचा उपांत्य सामना, 28 डिसेंबर, 63–28. पूर्वार्धातच बरोचे सात टचडाउन. खेळ म्हणून त्यात फारसे थांबण्यासारखे नाही, झुंज उरलीच नव्हती. पण त्याच सकाळी लुइझियानात एक छोटे विमान कोसळले आणि त्यात स्टीव्ह एन्समिंगर यांची सून गेली. सामन्याच्या काही तास आधी त्यांना ते कळले. ते वर आपल्या जागी जाऊन बसले आणि त्यांनी चाली सांगितल्या. खालचा संघ त्या दुपारी एकही चूक करायची नाही अशा जिद्दीने खेळत होता. तो सामना मला त्यामुळे वेगळाच दिसतो. ते सात टचडाउन कुणीतरी कुणाच्या तरी हातात मूकपणे ठेवावेत तसे.

आणि मग 13 जानेवारी 2020. न्यू ऑर्लिन्स, सुपरडोम, राष्ट्रीय विजेतेपद. समोर क्लेमसन, सलग एकोणतीस विजय मिळवून आलेला गतविजेता. क्लेमसनचा बचाव ब्रेंट व्हेनेबल्स यांचा. रूपे बदलण्यात, खोटे दाखवण्यात त्यांचा हातखंडा. पहिला काही वेळ बरो चुकत होता. हंगामभर जे त्याने दुसऱ्यांना केले ते आता त्याला कुणीतरी करत होते. जिथे मोकळे दिसे तिथे चेंडू निघताना गडी येऊन उभा राही. चेंडू लांब जात होते, आखूड पडत होते. क्लेमसन 17–7 ने पुढे गेली.

या वीसेक मिनिटांतच त्याची कारकीर्द मला सगळ्यात जास्त वाचता येते. तो बाकड्यावर येऊन बसतो. चेहरा बदललेला नाही. गुडघ्यांवर कोपरे ठेवून तो ऐकतो, पाहतो, पुन्हा आत जातो. घाई केली नाही. काही सिद्ध करायला आणखी लांब फेकी केल्या नाहीत. समोरचे कोडे सुटेपर्यंत त्याने वेळ काढला, आणि वेळ काढायची विद्या ज्याने तीन वर्षे शिकली त्याला वीस मिनिटे जड नव्हती. कोडे सुटले. मध्यंतरापूर्वी एलएसयूने ओळीने एकवीस गुण केले.

त्यांतले शेवटचे सात. मध्यंतराला सेकंद उरले आहेत. आधी बरो स्वतः त्या जड पायांनी एकोणतीस यार्ड पळतो. मग शेवटच्या रेषेपासून सहा यार्डांवरून थॅडियस मॉसला फेक. चेंडू सोडण्याच्या क्षणी क्लेमसनचा गडी त्याच्या बरगड्यांवर पूर्ण वेगाने येऊन आदळतो. बरोला तो येताना दिसतो आहे. चेंडू अर्धा सेकंद आधी सोडला असता तर मार चुकला असता, पण तेव्हा मॉस मोकळा नव्हता. त्याने तो अर्धा सेकंद थांबून घेतला. चेंडू मॉसकडे गेला आणि मार बरोकडे आला. 28–17. तो बरगडी धरून, थोडा वाकून आत गेला आणि उत्तरार्धात पुन्हा उभा राहिला. शेवट 42–25. त्याच्या 463 यार्डांच्या आणि पाच टचडाउनच्या त्या रात्री साठावे टचडाउन टेरेस मार्शलला दिलेले होते. माझा डोळा मात्र त्या अर्ध्या सेकंदावरून हलत नाही.

एक दृश्य मी मागे ठेवले होते. क्लेमसनच्या आधीचा महिना, 14 डिसेंबर 2019, न्यूयॉर्क. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइझमन सन्मान. एलएसयूला तो आधी एकदाच मिळाला होता, 1959 मध्ये बिली कॅननला. त्या वर्षी 841 जणांनी बरोला पहिली पसंती दिली आणि एवढ्या मोठ्या फरकाने तो पूर्वी कुणीच जिंकला नव्हता. बरो व्यासपीठावर गेला आणि त्याला बोलता येईना. समोर कुणी अंगावर धावून येत नव्हते. हवा तेवढा वेळ होता. तो मान खाली घालून उभा राहिला, डोळे पुसले, पुन्हा तोंड उघडले, पुन्हा थांबला. तीन वर्षे खेळायला न मिळालेल्या मुलावर विश्वास ठेवल्याबद्दल ओर्जेरॉन यांचे आभार मानताना त्याचा आवाज फुटला.

आणि मग तो आपल्या गावाबद्दल बोलला. ॲथेन्स परगण्यात गरिबी देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट आहे, तिथली मुले शाळेतून घरी जातात तेव्हा ताटात फारसे काही नसते, आणि आपण इथे त्या मुलांसाठीही उभे आहोत, अशा अर्थाचे तो बोलला. तिथल्याच एका रहिवाशाने ते ऐकून परगण्यातल्या अन्नकोठारासाठी वर्गणी सुरू केली. उद्दिष्ट होते एक हजार डॉलरचे. काही दिवसांत लाखो जमा झाले. लुइझियानातूनही लोक पैसे पाठवत होते.